निलंग्याच्या आकाशात ‘ग्रहीय तेजोमेघ’ कसा पाहायचा?

नावात ग्रह असला तरी याचा ग्रहाशी संबंध नाही. विल्यम हर्शेलला तो दुर्बिणीत ग्रहाच्या तबकडीसारखा दिसला आणि नाव चिकटलं. प्रत्यक्षात सूर्यासारखा तारा म्हातारपणी बाहेरचा वायू सोडून देतो. उरलेल्या तापलेल्या गाभ्याच्या अतिनील किरणांनी तो वायू चमकतो.

निलंगा साधारण 18 अंश उत्तरेला, त्यामुळे डंबेल (एम 27) जवळजवळ डोक्यावर येतो. अडचण पावसाची: जुलै-ऑगस्टमध्ये ऐन मोक्याला ढग. म्हणून ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच किंवा मे महिन्यात पहाटे बघा. गावाबाहेर, चंद्र नसताना, तो बायनॉक्युलरमध्येही पुसट ठिपक्यासारखा दिसतो. रंग मात्र शोधू नका. डोळ्याला राखाडीच दिसतं. लाल-हिरवा कॅमेऱ्यात येतो, तोही अनेक फोटो एकावर एक रचल्यावर.

ऑक्सिजन-3 फिल्टरने तेजोमेघ उठून दिसतो, पण मधला तारा मंदावतो. तारा हवा असेल तर फिल्टर काढा. अभिजितजवळच्या एम 57 मधला तारा सुमारे 15व्या प्रतीचा, म्हणजे छोट्या दुर्बिणीत दिसणारच नाही. त्याचं तापमान लाख अंशांहून जास्त. बहुतेक प्रकाश अतिनील, जो हवेतून खाली पोचत नाही. तो पकडायला अवकाशातच दुर्बीण लागते. 2015 मध्ये सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर तशी एक आहे, यूव्हीआयटी. तिच्या उभारणीत पुण्याच्या आयुकाचाही वाटा होता. एनजीसी 40 या ग्रहीय तेजोमेघाभोवतीचं अंधूक अतिनील वलय तिनेच टिपलं.