रेडिओयंत्रावरील शिक्का

घरांत एखादें नवें यंत्र आलें म्हणजे घरच्या मंडळींचें लक्ष प्रथम त्याच्या रूपाकडे, मग किंमतीकडे व अखेरीस उपयोगाकडे जातें. त्याच्या पाठीमागें बारीक अक्षरांत काय लिहिलें आहे, हें वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. परंतु बिनतारी यंत्रांच्या बाबतींत हीं बारीक अक्षरें एके काळीं मोठ्या वादाचा विषय झालीं होतीं. यंत्र देशाच्या बाजारांत विकावयाचें तर त्यावर सरकारमान्यतेचा शिक्का पाहिजे, हा नियम कां निघाला, त्यांत कोणाचें हित होतें आणि तो कोणीं मोडकळीस आणला, ही हकीकत इंग्लंडांत १९२२ ते १९२४ ह्या अवघ्या दोन-अडीच वर्षांत घडली. तिचे धागे पुढें मुंबईपर्यंत येऊन पोहोंचले.

इंग्लंडांत १९०४ सालच्या कायद्यान्वयें बिनतारी यंत्र बाळगण्यास पोस्टमास्तर-जनरलचा परवाना लागत असे. त्या वेळीं बिनतारी हें जहाजांचें व लष्कराचें साधन होतें. सामान्य कुटुंबाचा त्या कायद्याशीं संबंध येण्याचें कारण नव्हतें. पहिल्या महायुद्धानंतर मात्र स्थिति पालटली. १९२० च्या जूनमध्यें चेम्सफर्ड येथील मार्कोनी कंपनीच्या केंद्रावरून नेली मेल्बा ह्या विख्यात गायिकेचें गाणें दूरदूरच्या लोकांनीं ऐकलें, आणि हें यंत्र आपल्याही घरीं असावें असें लोकांस वाटूं लागलें. तिकडे अमेरिकेंत केंद्रांची बेसुमार गर्दी होऊन एकाच्या कार्यक्रमांत दुसऱ्याचा आवाज मिसळत होता. तो गोंधळ टाळण्यासाठीं प्रत्येक कारखानदारास निराळा परवाना न देतां सर्वांनीं मिळून एकच कंपनी काढावी, असें लंडनच्या टपालखात्यानें ठरविलें. १८ ऑक्टोबर १९२२ रोजीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली व १४ नोव्हेंबरपासून तिचें लंडन केंद्र दररोज बोलूं लागलें.

कार्यक्रमांचा खर्च कोणीं सोसावयाचा, ह्या प्रश्नाचें उत्तर शिक्क्यांत होतें. श्रोत्यानें वर्षास १० शिलिंगांचा परवाना घ्यावा व त्यांतील निम्मी रक्कम कंपनीस मिळावी. शिवाय प्रत्येक यंत्राच्या विक्रीमागें कंपनीस ठराविक रक्कम पोहोंचावी, अशी योजना झाली. साध्या स्फटिकयंत्रावर ही रक्कम साडेसात शिलिंग होती. हा परवाना ज्यास घ्यावयाचा त्याच्या यंत्रावर कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें व ‘पोस्टमास्तर-जनरलनें संमत केलेला नमुना’ अशा अर्थाचे शब्द असलेला गोल शिक्का असणें भाग होतें. शिक्का मिळे तो कंपनीच्या सभासद-कारखानदारांनीं ब्रिटनमध्यें बनविलेल्या यंत्रांसच. सभासदत्व मात्र अवघड नव्हतें. १ पौंडाचा भाग घेऊन ५० पौंड अनामत ठेवली म्हणजे लहान कारखानदारासही आंत येतां येई.

ह्या शिक्क्यामागें धनाखेरीज शास्त्राचेंही कारण होतें. व्हॉल्व्हनें वाढविलेल्या विद्युत्‌-आंदोलनांचा कांहीं अंश पुन्हां त्याच व्हॉल्व्हकडे परत नेला, तर क्षीण आवाज पुष्कळ मोठा होतो. थोड्या खर्चांत मोठें काम होत असल्यानें ही युक्ति हौशी लोकांस फार प्रिय होती. परंतु परत नेलेला अंश मर्यादेबाहेर गेला, कीं ऐकण्याचें यंत्र स्वतःच तरंग सोडूं लागतें. ते तरंग छपरावरील तारेवाटे बाहेर पडतात आणि शेजारपाजारच्या घरांत गाण्याऐवजीं शिट्ट्या व किंचाळ्या ऐकूं येतात. एकाचा होतो खेळ आणि दुसऱ्याचा जातो जीव, त्यांतला हा प्रकार. म्हणून यंत्राचा नमुना टपालखात्याकडे तपासणीसाठीं पाठवावा लागे. तो शेजाऱ्यास त्रास देणारा नाहीं अशी खात्री झाली म्हणजे त्यास नोंदणीचा क्रमांक मिळे. कंपनीचे मुख्य अभियंते पीटर एकर्स्ली ह्यांना तर असा उपद्रव न करण्याविषयीं श्रोत्यांची ध्वनिक्षेपणावरूनच वारंवार विनवणी करावी लागे.

म्हणजे एका शिक्क्यानें दोन कामें करावयाचीं होतीं: शेजाऱ्याचें रक्षण आणि कारखानदाराचें रक्षण. पहिल्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. दुसऱ्यानें घोटाळा केला. तयार यंत्रें महाग पडत. उलट सुटे भाग, तेही परदेशचे, बाजारांत स्वस्त मिळत, आणि थोडें कसब असलेला तरुण ते जोडून घरींच यंत्र बनवी. अशा यंत्रास शिक्का नसे व म्हणून साधा परवानाही मिळत नसे. प्रयोग करणारांसाठीं एक निराळा परवाना होता. त्यासाठीं अर्जांचे ढीग पडले. इतके सारे अर्जदार खरेच शास्त्रीय प्रयोग करीत होते काय, हें ठरविणें टपालखात्यास अशक्य झालें. पुष्कळांनीं तर परवान्याच्या भानगडींत न पडतां खुशाल कार्यक्रम ऐकण्यास आरंभ केला. कायदा पाळूं इच्छिणारा मनुष्य दारांत ताटकळत उभा आणि न पाळणारा घरांत बसून गाणें ऐकत आहे, अशी विचित्र अवस्था झाली. १९२२ अखेर परवाने होते सुमारे ३६ हजार. ऐकणारे त्याहून कितीतरी अधिक होते.

ह्या गुंत्याचा विचार करण्यासाठीं १९२३ सालीं सर फ्रेडरिक साइक्स ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. शिक्का व यंत्रविक्रीवरील आकार हीं दोन्ही काढून सर्वांस एकच साधा परवाना द्यावा, असा तिचा कल पडला. सरकारनें प्रथम मधला मार्ग धरला. घरीं यंत्र बनविणारांसाठीं १५ शिलिंगांचा स्वतंत्र परवाना निघाला आणि आजवर चोरून ऐकणारांसही उजळ माथ्यानें परवाना घेण्याची संधि मिळाली. परिणाम तात्काळ दिसला: १९२३ अखेर परवान्यांची संख्या सहा लाखांच्या घरांत गेली. १९२४ च्या मध्यास सर्वांसाठीं १० शिलिंगांचा एकच परवाना झाला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस जुन्या शिक्क्याचें राज्य संपलें. तोंपर्यंत परवाने अकरा लाखांवर गेले होते. सक्ति सैल झाली आणि उत्पन्न मात्र वाढलें.

हेच साइक्स १९२८ च्या डिसेंबरांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होऊन आले. त्यापूर्वींच, २३ जुलै १९२७ रोजीं, लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें होतें. परवाना १० रुपयांचा, त्यांतील ८ रुपये कंपनीस. शिवाय आयात यंत्रांच्या किंमतीवर शेंकडा १० चा आकार. इंग्लंडनें टाकून दिलेल्या योजनेचीच ही छाया होती. परवान्यांची संख्या आठ हजारांपलीकडे गेली नाहीं. १९३० च्या मार्चमध्यें कंपनी मोडीत निघाली व १ एप्रिलपासून तें काम सरकारनें आपल्याकडे घेतलें. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें यंत्र नुसतें जवळ ठेवणारास पकडतां येत नव्हतें. ती उणीव १९३३ च्या कायद्यानें भरून काढली. १ जानेवारी १९३४ पासून विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणें हाच हिंदुस्थानांत गुन्हा ठरला.

पुढें काळ बदलला, यंत्रें बदललीं, पण प्रश्न तोच राहिला. भारतांत वायुतरंगांचा उपयोग करणाऱ्या यंत्रांच्या नमुन्यास केंद्र सरकारच्या बिनतारी शाखेची मान्यता लागूं लागली. २०१७ च्या नियमांनीं दूरसंचाराच्या उपकरणांची विक्रीपूर्वीं परीक्षा व प्रमाणपत्र सक्तीचें केलें आणि २०१९ पासून त्याची टप्प्याटप्प्यानें अंमलबजावणी सुरू झाली. विजेचा धक्का बसूं नये, एका यंत्रानें दुसऱ्याच्या कामांत बिघाड करूं नये, हे त्या परीक्षेचे हेतु. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें १८८५ व १९३३ च्या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद झाली.

शिक्का हवा कीं नको, हा वाद ह्या इतिहासानें मिटला आहे. ज्या यंत्राचे तरंग शेजाऱ्याच्या भिंती ओलांडून जातात, त्यास तपासणीखेरीज सोडतां येणार नाहीं. लक्ष ठेवावयाचें तें दुसऱ्याच गोष्टीवर. तपासणीच्या नांवाखालीं एखाद्या वर्गाच्या नफ्याचें कुंपण घातलें गेलें, किंवा लहान कारागिरास परवडणार नाहीं इतका तिचा खर्च वाढला, तर प्रामाणिक मनुष्यच बाहेर राहतो आणि शिक्क्यावरील लोकांचा विश्वास उडतो. १९२३ मध्यें लंडनच्या टपालखात्यांत साठलेल्या अर्जांच्या ढिगांनीं हाच धडा दिला, आणि नवा नियम करणारांनीं तो प्रत्येक वेळीं पुन्हां वाचावा इतक्या योग्यतेचा तो आहे.