नरसी-बामणी : नामदेवांच्या जन्मग्रामाचा विचार

हिंगोली तालुक्यांत कयाधू नदीच्या तीरीं नरसी नामदेव हें लहानसें गांव आहे. निजामी अमलांत तें परभणी जिल्ह्यांत मोडे. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाल्यावर तें त्यांत आलें. नदीचें नांव प्रह्लादाच्या मातेचें, गांवाचें नांव नरसिंहाची आठवण देणारें. हा मेळ मनोहर खरा, परंतु त्यावर इतिहास उभा राहत नाहीं.

या गांवाचें महत्त्व श्रीनामदेवांमुळें. त्यांचा जन्म शके ११९२ (इ. स. १२७०) मध्यें झाला असें परंपरा सांगते. मात्र जन्मस्थळाविषयीं एकमत नाहीं. कोणी पंढरपूर म्हणतात, कोणी कऱ्हाडकडील कृष्णाकांठचें नरसिंगपूर, तर कोणी हें नरसी.

पंढरपूरच्या पक्षास महीपतीच्या भक्तविजयाचा आधार देतात. त्यांतील कथेप्रमाणें दामाशेटीस बालक भीमेच्या पात्रांत शिंपल्यांत सांपडलें. पण भक्तविजयाचा काल शके १६८४; जन्मानंतर सुमारें पांचशें वर्षांनीं लिहिलेली ही चमत्कारकथा जन्मस्थळाचा पुरावा म्हणून घेतां येत नाहीं. कृष्णाकांठच्या पक्षाचा भर मुख्यतः नामसादृश्यावर आहे. परंतु नुसतें ‘नरसी’ हें नांव निर्णायक नव्हे. नांदेड जिल्ह्यांतहि नायगांवनजीक एक नरसी आहेच. परंपरेंत येणारें नांव ‘नरसी-बामणी’ असें जोडनांव आहे. एका नांवाचीं अनेक गांवें असतां शेजारच्या गांवाचें नांव जोडून ओळख देण्याची आपल्याकडील रीत सर्वश्रुत आहे. म्हणून केवळ नरसी नव्हे, ही जोडी कोठें जुळते हें पाहिलें पाहिजे. आणि त्या दृष्टीनें कयाधूकांठचा पक्ष आम्हांस बळकट वाटतो. विसोबा खेचरांची भेट झाली तें औंढा नागनाथ याच प्रांतांत आहे. पण तो वृत्तांत पुढील आयुष्यांतील असल्यानें जन्मस्थळाच्या निर्णयास तो पुरावा होत नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा याचीं पदें नामदेवांच्या गाथेंत मिसळलेलीं आहेत. कुलवृत्त सांगणारे अभंग त्याचे ठरल्यास या नामनिर्देशाचें वय अडीचशें वर्षांनीं उतरेल. याकरितां ज्यांच्या संग्रहीं गाथेचीं जुनीं बाडें असतील त्यांनीं त्या अभंगांतील ग्रामनामाचा पाठ, शेवटची नाममुद्रा आणि लेखनाचा शक, हीं तीन अंगें नकलून प्रसिद्ध करावीं. या गांवाचा इतिहास देवळाच्या दगडांपेक्षां त्या पानांवरच अधिक अवलंबून आहे.