डिसूझा, नेव्हिल

डिसूझा, नेव्हिल : (३ ऑक्टोबर १९३२–१६ मार्च १९८०). भारतीय फुटबॉलपटू, आघाडीचा खेळाडू. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई. जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यात, आसगाव येथे. खेळाची सारी कारकीर्द मात्र मुंबईची. भाऊ डेरिक हाही भारताकडून खेळला.

‘व्यावसायिक’ हा शब्द नेव्हिलच्या बाबतीत जपूनच वापरावा लागतो. त्या काळी मुंबईत क्लबांइतकाच कंपन्यांच्या संघांचाही दबदबा होता. खेळाडूला नोकरी मिळे, पगार कंपनीचा, आणि कूपरेजच्या मैदानावर अंगात जर्सीही तिचीच. कागदोपत्री तो हौशीच असे. त्यामुळेच अशा खेळाडूला ऑलिंपिकची दारे बंद झाली नाहीत. पोटापाण्याची सोयही झाली. नेव्हिल प्रथम टाटा स्पोर्ट्स क्लबकडून व नंतर कॅलटेक्सकडून खेळला. १८९१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या रोव्हर्स करंडकावर कॅलटेक्सने १९५८मध्ये नाव कोरले. त्याआधी मुंबईने १९५४ची संतोष करंडक स्पर्धा पहिल्यांदा जिंकली, त्या संघातही तो होता.

त्याचे नाव टिकले ते १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमुळे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार समर (बद्रू) बॅनर्जी. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली आणि १ डिसेंबरला गाठ पडली ती थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला त्याने पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतराआधी यजमानांनी तीही फेडली. पन्नासाव्या मिनिटाला त्याचा तिसरा गोल झाला, नंतर कृष्णा किट्टूने चौथा केला आणि भारत ४–२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा हा पहिला आशियाई संघ.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही उत्तरार्धात पहिला गोल नेव्हिलचाच. ही आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. पुढे युगोस्लाव्हियाने ४–१ अशी बाजी मारली. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३–० असे हरवले आणि भारत चौथा आला. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच व बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्याबरोबरीने नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता. ऑस्ट्रेलिया तेव्हा फुटबॉलची महासत्ता नव्हती, असा आक्षेप कोणी घेईल. पण पुढल्याच सामन्यात युगोस्लाव्हियासारख्या बलाढ्य संघावरही गोल करणाऱ्याला तो लागू होत नाही. त्या संघाला अंतिम सामन्यात सोव्हिएत संघानेही एकाच गोलाने हरवले.

एवढे करूनही मराठी क्रीडालेखनात त्याला मिळालेली जागा तुटपुंजी आहे. ठाण्याच्या नौपाड्यापासून मुंबईच्या दादरपर्यंत मध्यमवर्गीय घरांत खेळ म्हणजे क्रिकेट, हे त्याचे मुख्य कारण; फुटबॉलचा इतिहास कोलकात्याच्या नजरेतून लिहिला गेला, हे दुसरे. १९६१मध्ये सुरू झालेला अर्जुन पुरस्कार फुटबॉलसाठी सर्वप्रथम मिळाला तो मेलबर्नमधील त्याचा सहकारी पी. के. बॅनर्जी याला. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही, आणि हा अन्यायच म्हणावा लागेल.

वयाच्या ४७व्या वर्षी त्याचे निधन झाले. वांद्र्यातील फुटबॉल मैदानाला त्याचे नाव दिले असून मुंबईच्या स्थानिक लीगचे सामने तेथे होतात.