बंद खिडक्यांपासून गच्चीपर्यंत: तीन खग्रास सूर्यग्रहणे आणि सामान्य प्रेक्षक

1. प्रस्तावना
खगोलशास्त्राचा इतिहास शिकताना आपण बहुधा शास्त्रज्ञांचा इतिहास शिकतो. या टिपणातला प्रश्न वेगळा आहे. आकाशात एखादी मोठी घटना घडते तेव्हा सामान्य माणसे काय करतात, आणि त्यांचे वागणे कशामुळे बदलते? त्यासाठी भारतातून दिसलेली 1898, 1980 आणि 1995 ची खग्रास सूर्यग्रहणे पाहू.

2. 22 जानेवारी 1898: निरीक्षक कोण?
या ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला. ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले. त्यांनी ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी घेतले आणि तालीम देऊन निरीक्षणाची कामे वाटून दिली. नेमके काम आणि थोडा सराव मिळाला की शास्त्राचे शिक्षण नसलेला माणूसही निरीक्षक होऊ शकतो, हे यातून दिसते. गावकऱ्यांच्या वाट्याला मात्र बघ्यांचीच भूमिका आली.

कोकणात आजही सांगितले जाते की हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला. हे खरे नाही. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाचे वेध जान्सेन यांनी गुंटूर येथे घेतले. लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातील पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गला ते आले तीस वर्षांनी. तरीही या आख्यायिकेमुळे किल्ल्यावर दरवर्षी 18 ऑगस्टला विज्ञानप्रेमी जमतात. इतिहास दुरुस्त करावा, मेळावा मात्र चालू ठेवावा.

3. 16 फेब्रुवारी 1980: ओस पडलेले रस्ते
खग्रासपट्टा कारवारच्या परिसरातून ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत गेला. देशभर दुपारी रस्ते ओस पडले, लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले. दूरदर्शनने त्या वेळेत हिंदी चित्रपट दाखवला.

याला केवळ अंधश्रद्धा म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. ग्रहणात बाहेर पडू नये असे परंपरा सांगत होती, आणि सूर्याकडे पाहू नका, डोळे जातील असे डॉक्टर सांगत होते. दुसरा इशारा योग्यच होता. पण सुरक्षितपणे कसे पाहावे, हे सांगणारा आवाज क्षीण असल्याने दोन्ही सल्ल्यांचा परिणाम एकच झाला: घरात बसा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आणि न्यू इंग्लिश स्कूलचे तारांगण 1954 पासून होते, मराठी विज्ञान परिषद 1966 पासून काम करीत होती. मात्र त्यांचा आवाका शहरी आणि मर्यादित होता.

4. मधली पंधरा वर्षे
1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले होतेच. 1982 मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद स्थापन झाली. मुंबईत 1977 साली आणि दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारात 1984 साली नेहरू तारांगण सुरू झाले. 1985-86 मध्ये हॅलेचा धूमकेतू आला आणि हौशी निरीक्षकांचे गट वाढले. मुंबईचे खगोल मंडळ याच काळातले. 1987 च्या भारत जन विज्ञान जथ्याने विज्ञान सभागृहातून गावोगावच्या चौकात नेले.

5. 24 ऑक्टोबर 1995: गच्चीवरचे ग्रहण
ऐन दिवाळीत, सकाळी, खग्रासपट्टा राजस्थानातील नीम का थानापासून बंगालच्या डायमंड हार्बरपर्यंत गेला. दोन्ही ठिकाणी लोकांची गर्दी झाली, दूरदर्शनने थेट प्रक्षेपण केले आणि ग्रहणाचे चष्मे लोकांच्या हाती पोहोचले. दिल्लीतून ग्रहण खंडग्रास होते, पण सूर्यबिंबाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग झाकला गेला. लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतीतल्या माणसाला ते पाहण्यासाठी गच्चीपलीकडे जायची गरज नव्हती.

मग पंधरा वर्षांत लोकांच्या श्रद्धा बदलल्या का? तसे म्हणता येत नाही. जेमतेम महिनाभर आधी, 21 सप्टेंबर 1995 रोजी, गणपती दूध पितो म्हणून याच दिल्लीत देवळांसमोर रांगा लागल्या होत्या. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध ओढले जाते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले. गणपतीला दूध पाजणारा आणि चष्मा लावून ग्रहण पाहणारा माणूस अनेकदा एकच असणार. बदलले ते साधन आणि संदेश. ‘पाहू नका’च्या जागी ‘असे पाहा’ आले.

6. समारोप
विज्ञानप्रसाराचे यश किती जणांची श्रद्धा सुटली यावर मोजू नये. किती जणांनी स्वतः पाहिले, हे विचारावे. मनाईपेक्षा पद्धत शिकवणे अधिक परिणामकारक ठरते. 20 मार्च 2034 रोजी खग्रासपट्टा जम्मू-काश्मीर व लडाखमधून जाईल. उर्वरित भारतात ग्रहण खंडग्रास असेल. तेव्हा तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शाळकरी मुले असतील. त्यांना खिडकी लावून घ्यायला सांगायचे की चष्मा हातात द्यायचा, हे तुम्ही ठरवाल.

विचारासाठी प्रश्न
1. 1980 मध्ये परंपरा आणि वैद्यकीय सल्ला यांचा परिणाम एकच का झाला?
2. आपल्या घरातील ज्येष्ठांना 1980 व 1995 च्या ग्रहणांच्या आठवणी विचारा, नोंदवा आणि वरील निष्कर्षाशी ताडून पाहा.