सांगणारा आपल्यातलाच : समलिंगी तरुण आणि एचआयव्ही प्रतिबंध

एचआयव्हीची माहिती दवाखान्यातल्या पोस्टरवरही मिळते. तरी समलिंगी तरुण तपासणी टाळतो, कारण त्याला आजाराइतकीच भीती ओळखीच्या माणसाची असते. केसपेपर लिहिणारा गल्लीतलाच निघाला तर? यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे 'पिअर एज्युकेटर', म्हणजे त्याच समूहातला, शक्यतो त्याच वयाचा कार्यकर्ता.

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुरुष जिथे एकमेकांना भेटतात तिथेच जाऊन बोलायचे, ही त्याच्या कामाची रीत. आज 'नॅको'च्या प्रकल्पांतही साधारण ६० जणांमागे एक पिअर एज्युकेटर असतो. तो कंडोम आणि ल्युब्रिकंट देतो, गुप्तरोगाच्या तपासणीला नेतो, सहा महिन्यांनी एचआयव्ही चाचणीची आठवण करतो. मानधन तुटपुंजेच. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावले की लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, पाण्यावर आधारित ल्युब्रिकंटच वापरायचे. हे डॉक्टरला विचारायला पोरगा लाजतो, मित्राला विचारतो. पद्धतीचे सगळे बळ इथेच आहे.

हे काम बिनधोक नव्हते. जुलै २००१ मध्ये लखनौला अशाच संस्थांच्या चार कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडले, ४७ दिवस तुरुंगात ठेवले. कलम ३७७ मुळे हा समूह लपून राहतो आणि प्रतिबंधाचे काम अडते, असे पुढे खुद्द 'नॅको'ने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करणे किंवा कुणाचा एचआयव्ही अहवाल परस्पर सांगणे, दोन्हीला त्यात मनाई आहे.

आता भेटीगाठी मोबाइलवर होतात, त्यामुळे कार्यकर्तेही डेटिंग ॲपवर असतात. छोट्या गावांत मात्र असा कार्यकर्ता सहज सापडत नाही.

सीमाभागातल्यांना एक सोय आहे. सरकारी आयसीटीसी केंद्रात चाचणी मोफत होते आणि ती आपल्याच गावात करायला हवी असे नाही. निपाणीच्या तरुणाला कोल्हापूर जवळ. अहवाल पॉझिटिव्ह आला तर २०१७ पासून सगळ्यांना लगेच मोफत एआरटी औषधे सुरू होतात आणि नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेल्यास केंद्र बदलून घेता येते. माहितीसाठी १०९७ हा टोल-फ्री क्रमांक देशभर चालतो.