छावणीतला बाजार, बंदरातला बाजार

साल १९४८, फेब्रुवारी महिना. कराचीहून आलेली बोट मुंबईच्या धक्क्याला लागली आहे आणि उतरणाऱ्यांच्या गर्दीत तुम्ही आहात. ऑगस्टमध्ये फाळणी झाली तेव्हा तुम्ही कराची सोडली नव्हती. पंजाबात कत्तली चालल्या होत्या, सिंधमध्ये त्या मानाने शांत होतं. थोडे दिवस थांबू, सगळं निवळेल, असं घरातली मोठी माणसं म्हणत होती. ६ जानेवारीला कराचीत दंगल पेटली, घरं-दुकानं लुटली गेली आणि त्यानंतर बंदरावर माणूस मावेनासा झाला. दुकानाच्या किल्ल्या अजून तुमच्या खिशात आहेत.

धक्क्यावरून काही कुटुंबांना कल्याणच्या लष्करी बराकींकडे धाडतात. तुमच्या वाट्याला पुण्याच्या दिशेची गाडी येते. कर्जतनंतर चढ लागतो, मागोमाग बोगदे. घाटात इंजिन विजेवर चालतं, त्यामुळे डोळ्यांत कोळशाची कणी जात नाही. समुद्रकाठी वाढलेल्या तुमच्या मुलांना हा डोंगर नवा आहे, ती खिडकी सोडत नाहीत. लोणावळा मागे पडतं, तळेगाव, देहूरोड, चिंचवड जातं आणि पिंपरीला तुम्ही उतरता. पवनेकाठी पिंपरी-वाघेरे गाव, भोवती शेतं, माळ, आणि त्या माळावर निर्वासितांची छावणी.

एका लांबलचक खोलीत अनेक संसार. मध्ये भिंत नाही, गोणपाटाचा पडदा आहे. शेजारच्यांचं बाळ रडलं की तुमचं जागं होतं. रेशन मिळतं, पण ते किती दिवस पुरणार हे सगळ्यांना कळतं. पहिल्या काही दिवसांतच बायका पापड लाटायला बसतात. मिरी घातलेले पातळ सिंधी पापड दोरीच्या खाटेवर वाळत पडतात आणि पोरं ते घेऊन स्टेशनकडे पळतात. गाडी थांबते तेवढ्या वेळात जे खपेल ते खपेल.

तुम्ही रस्त्याच्या कडेला एक सतरंजी अंथरता. नीट बघा तिच्यावर काय आहे ते: शिंगाच्या चार फण्या, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याची रिळं, पुठ्ठ्यावर टाचलेली शर्टाची बटणं, सुयांची पाकिटं, लाल रिबिनीची दोन बंडलं, काजळाच्या डब्या. पुण्याच्या पेठेतून उधारीवर उचललेला सगळा माल एका पिशवीत मावतो. मांडीवर लांबट वही आहे. तिच्यातले आकडे तुम्ही सिंधी व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीत लिहिता. आपल्याकडे मोडी चालायची तशी तिकडे हिशेबाला ही लिपी चालायची. गावातली एक म्हातारी भाजीची पाटी रिकामी करून परतताना थांबते.

“काय रं बाबा, ही फणी कितीला?”

“दोन आणे, बाई.” मराठीतले तुम्हाला येणारे जवळजवळ सगळे शब्द एवढेच.

“दीड घे.”

तुम्ही देता. सुटतो तो अर्धा आणा. पण म्हातारी पुढच्या वेळी सुनेला घेऊन येते, सून शेजारणीला. कमी नफा आणि जास्त खप, हे गणित तुम्ही कराचीतून सोबत आणलेली एकमेव मालमत्ता आहे. आसपासच्या जुन्या दुकानदारांना हे रुचत नाही. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हालाही रुचलं नसतं. पण गिऱ्हाईक सतरंजीकडे वळतं, सतरंजीवर बांबू आणि ताडपत्री येते, ताडपत्रीच्या जागी पत्रा येतो, पत्र्याला फळ्यांचं दार लागतं. पिंपरी कॅम्पाचा बाजार असा उभा राहतो.

आता तीन वर्षं पुढे या आणि नकाशावर पार पूर्वेच्या टोकाला सरका. जानेवारी १९५१, बुसान. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. कोरियात युद्ध चालू आहे, सोल दुसऱ्यांदा शत्रूच्या हाती गेलं आहे, देशाची राजधानी तात्पुरती इथे हलवली आहे आणि उत्तरेकडून येणारा माणसांचा लोंढा थांबत नाही. अंगावर येणारी थंडी आहे. डोंगरउतारावर फळ्या, पुठ्ठे आणि चेपलेले डबे जोडून उभारलेल्या झोपड्या थेट माथ्यापर्यंत गेल्या आहेत. योंगदो पुलाच्या कठड्यावर नावं लिहिलेले कागद फडफडतात. ताटातूट झालीच तर बुसानच्या पुलावर भेटू, असं म्हणून निघालेली माणसं तिथे रोज येऊन उभी राहतात.

पुलापासून थोडं चाललात की गुकजे बाजार. तेव्हा कोरियावर राज्य करणाऱ्या जपान्यांनी महायुद्धात ही जागा मोकळी केली होती. १९४५ मध्ये ते परत निघाले तेव्हा त्यांनी मागे टाकलेलं सामान इथे विकलं जाऊ लागलं, आणि आता युद्धाने बाजार ओसंडून वाहतो आहे. अमेरिकी लष्कराची ब्लँकेटं, काळी रंगवून साध्या कपड्यांसारखी केलेली गणवेशाची कापडं, बूट, साबण, मांसाचे आणि फळांचे डबे. डब्यांचा माल इतका, की शेजारच्या बुप्योंग बाजाराला लोक आजही डब्यांचाच बाजार म्हणतात. एका बोळात उत्तरेतून आलेल्या एका जोडप्याने जुनी मासिकं आणि पुस्तकं मांडली आहेत. बोसुदोंगची प्रसिद्ध पुस्तकगल्ली तिथून सुरू होते.

जमिनीवर बसलेल्या त्या माणसापाशी थांबा. त्याच्या चटईवर फण्या आहेत, दोऱ्याची रिळं आहेत, सुया आहेत. तुम्ही त्याला ओळखता.

भूक लागली असेल तर कडेच्या बुटक्या स्टुलावर बसा. वाफाळत्या पातेल्यात डुकराची हाडं रटरटत आहेत. रश्शात भात घालून वाडगा पुढे येतो. मिल्म्यॉन नावाच्या थंड शेवया उत्तरेकडच्या बायकांनी इथे घडवल्या. घरी त्या कुट्टूच्या पिठाच्या होत, इथे कुट्टू मिळेना, मदतीतून आलेला गहू मिळे. म्हणून गव्हाच्या केल्या. आज तो बुसानचा मानाचा पदार्थ आहे. खाली पाण्यालगत जागालचीचा मासळीबाजार. ससून डॉकवरच्या कोळणींसारख्याच खणखणीत आवाजाच्या बायका इथे पाटीसमोर उकिडव्या बसतात. “या, बघा, घ्या” ही त्यांची बोलीभाषेतली हाक पुढे त्या बाजाराचं बोधवाक्यच झाली.

या बंदराशी आपलंही नातं आहे. गेल्याच नोव्हेंबरात इथे भारतीय सैन्याची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स उतरली, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली. पुढची तीनेक वर्षं तिचे डॉक्टर जखमी सैनिकांवर आणि सामान्य कोरियन लोकांवर उपचार करत राहिले.

आणखी एक माणूस याच शहरात आहे. युद्ध पेटल्यावर धाकट्या भावासह सोलहून पळून आलेला, मूळचा उत्तरेतल्या शेतकरी घरातला. अमेरिकी लष्कराची बांधकामाची कामं मिळवून तो पुन्हा उभा राहतो आहे. नाव चुंग जू-युंग, कंपनीचं नाव ह्युंदाई. हे नाव लक्षात ठेवा.

जानेवारी १९५३ मध्ये गुकजे बाजार आगीत भस्मसात होतो. तुम्ही राखेत उभे राहून बघता: माणसं कोळसा बाजूला सारतात, आपली जागा दोरीने आखतात आणि पुन्हा चटई अंथरतात.

परत पिंपरीला चला, पण वीसेक वर्षं पुढे, सत्तरच्या दशकातल्या दिवाळीत. माळरान ओळखू येणार नाही. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि देशाचं पेनिसिलिन पिंपरीत तयार होऊ लागलं. मग आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो वर्कशॉप. १९७० मध्ये नगरपालिका झाली. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेशातून आलेली पोरं तीन पाळ्यांत राबतात. आज बोनस झाला आहे. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा होतो आणि तासाभरात सायकलींची रांग कॅम्पाच्या तोंडाशी येते.

तुम्ही त्या रांगेत आहात. खिशात पाकीट आहे, ते तुम्ही दर दोन मिनिटांनी चाचपता. आईला इरकल नाही तर सुती नऊवारी, बायकोला टेरिकॉटचं ब्लाउजपीस, धाकट्याला हाफ पँटचं कापड, गावी न्यायला स्टीलचा डबा. काउंटरमागचा माणूस आता सफाईने मराठी बोलतो. “दादा, घेऊन जा. उरलेले पुढच्या पगाराला द्या.” कामगाराला बँक दारात उभं करत नव्हती त्या काळात ही उधारी चालली. पिंपरी-चिंचवडच्या कित्येक घरांतला पहिला पंखा, पहिला मिक्सर, मुलीच्या लग्नाचा बस्ता या उधारीवर आला. औद्योगिक नगरीचा इतिहास लिहिताना आपण कारखान्यांची नावं मोजतो आणि ही उधारीची वही विसरतो. मला ही मोठी चूक वाटते.

आणि आता आज. मेट्रोने पीसीएमसी स्टेशनला उतरा, इंदिरा गांधी उड्डाणपुलावरून रेल्वे ओलांडा, शगुन चौकात या. रविवार सकाळ असेल तर आधी दाल-पकवान खा. अंगठ्याने पकवान मोडायचा. तो कुरकुरीत तुटला पाहिजे. वर हरभऱ्याची दाटसर डाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा. मग गल्ल्यांत शिरा. लेहेंगे, शेरवान्या, पडदे, मोबाइलची कव्हरं, चपला, सुकामेवा, आणि तुमच्या पाठीला लागलेलं दुचाकीचं पुढचं चाक. चाकणच्या कंपनीतून सुट्टी काढून आलेलं बिहारी पोरगं बहिणीसाठी ड्रेस मटेरियल बघतंय. त्याचा चेहरा तुम्ही पाहिलेला आहे, सत्तरच्या दिवाळीत.

या गल्लीपासून वीसेक किलोमीटरवर तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. २०२० च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं, ऑगस्ट २०२३ मध्ये तो विकत घेण्याचा करार ह्युंदाईने केला. बुसानला पळून आलेल्या त्याच चुंग जू-युंगची कंपनी. तिचा सर्वांत मोठा कारखाना उल्सानला आहे, बुसानहून तासाभराच्या वाटेवर. तळेगाव-चाकण पट्ट्यात आलेल्या कोरियन इंजिनिअरला कोणी कॅम्पात आणलं आणि हा बाजार कोणी वसवला ते सांगितलं, तर त्याला काही समजावून द्यावं लागणार नाही.

बुसानने मात्र आपल्या बाजाराची गोष्ट सांगून ठेवली. २०१४ मध्ये गुकजे बाजाराच्याच नावाचा चित्रपट आला. युद्धात वडील आणि बहीण हरवलेला मुलगा आयुष्यभर बाजारातलं एक दुकान विकायला नकार देतो, कारण वडील परत आले तर तिथेच येतील. एक कोटी चाळीस लाखांहून जास्त तिकिटं खपली आणि ते दुकान बघायला लोकांची रीघ लागली. २०१९ चा सलमान खानचा ‘भारत’ याच चित्रपटाचं अधिकृत हिंदी रूप. त्यात युद्धाच्या जागी फाळणी आली आणि गोष्ट जराही अडखळली नाही. पण दुकान दिल्लीतलं दाखवलं. पिंपरीचं कोणाला आठवलं नाही, कारण आपणच ते कधी नीट सांगितलं नाही.

कराचीची बोट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यातली काही अजूनही दुपारी दुकानात येऊन गल्ल्याशेजारी बसतात. पुढच्या वेळी कॅम्पात खरेदीला गेलात की दहा मिनिटं जास्त काढा. “काका, तुम्ही कुठून आलात? पहिलं दुकान कुठे मांडलंत?” एवढं विचारा, आणि ते जे सांगतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, तारीख-नाव घालून जपून ठेवा. महापालिकेने, शाळा-कॉलेजांनी हे काम हाती घ्यावं, पण त्यांची वाट बघू नका.