कंपायलर ते मोबाइलचा पडदा : ख्रिस लॅटनर यांची वाटचाल

ख्रिस लॅटनर (जन्म १९७८) हे अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंते. एलएलव्हीएम ही कंपायलर बांधण्याची साधने आणि आयफोनची अ‍ॅप्स जिच्यात लिहितात ती स्विफ्ट भाषा, या दोन्हींची सुरुवात त्यांनी केली. चिटगुप्प्याच्या सभासदांच्या घरांतून बिदर, भालकी, कलबुर्गीला संगणकशास्त्र शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी ही नोंद देत आहोत. 'कंपायलर परीक्षेपुरता, नोकरी मात्र अ‍ॅपवर' असे पालकही म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांत उतरवणारा दुभाषी. पाच भाषा आणि चार प्रकारचे प्रोसेसर असतील, तर जोडीगणिक एक असे वीस दुभाषी लागतील. इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या एलएलव्हीएममध्ये मधली एक समाईक भाषा ठेवली आहे. प्रत्येक भाषा आधी तिच्यात उतरवायची आणि तिच्यातून हव्या त्या प्रोसेसरसाठी आज्ञा तयार करायच्या. मग नऊ भागांत काम भागते, शिवाय मध्ये केलेली सुधारणा सर्वांना मिळते. आपल्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटू नये. निजामाच्या काळात रयत मराठी बोलणारी असो की कानडी, कचेरीतला कागद शेवटी उर्दूतच होई.

या कामात लॅटनर यांचे मार्गदर्शक होते प्रा. विक्रम अडवे, मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर. २०१२ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार अडवे, लॅटनर आणि इव्हान चेंग या तिघांना मिळाला.

२००५ मध्ये पीएचडी पूर्ण करून लॅटनर अ‍ॅपल कंपनीत गेले. तेथे सी भाषांसाठी क्लँग हा कंपायलर तयार झाला. चूक कोठे आहे हे तो ओळीतल्या नेमक्या जागी खूण करून दाखवतो. 'ताळा जुळत नाही' एवढेच सांगणारा कारकून आणि चुकलेले व्हाउचर काढून समोर ठेवणारा कारकून यांतला फरक बँकेत काम केलेल्यांना वेगळा सांगायला नको.

स्विफ्टचे काम त्यांनी जुलै २०१० मध्ये हाती घेतले, तेही सुरुवातीला एकट्याने, रात्री आणि शनिवार-रविवारी. २ जून २०१४ रोजी भाषा जाहीर झाली. खातेदाराचा फोन नंबर नोंदलेलाच नसेल तर काय करायचे, याचा विचार स्विफ्ट आधीच करायला लावते. त्याशिवाय कंपायलर प्रोग्राम पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे अ‍ॅप वापरताना मध्येच बंद पडण्याचे एक मोठे कारण कमी होते. लिहिलेल्या ओळीचा परिणाम लगेच शेजारी दिसावा म्हणून केलेली 'प्लेग्राउंड' ही सोय लॅटनर यांच्या खास आवडीची. पडद्यावर काय दिसावे ते थोडक्यात लिहून अ‍ॅप बांधण्याची 'स्विफ्टयूआय' ही पद्धत २०१९ मध्ये याच भाषेवर उभी राहिली. तोवर लॅटनर यांनी अ‍ॅपल सोडून दोन वर्षे झाली होती.

पुढे टेस्ला, गूगल आणि सायफाइव्ह येथे काम करून २०२२ मध्ये त्यांनी टिम डेव्हिस यांच्यासह मॉड्युलर कंपनी काढली. तेथेही काम कंपायलरचेच, या वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी.

एलएलव्हीएम मोफत आहे आणि त्याचा सगळा कोड कोणालाही पाहता येतो. 'कॅलिडोस्कोप' नावाची छोटी भाषा पायरीपायरीने तयार करायला शिकवणारे धडे त्याच्याच संकेतस्थळावर आहेत. सी++ जेमतेम येणाऱ्या विद्यार्थ्यानेही सुटीत तेथून सुरुवात करावी.